भाऊंचा आराम

आमच्या राईस मिलच्या ऑफिसात खुर्ची नव्हती. टेबल होतं, कपाट होतं, गणपतीचा फोटो होता, तीन फोन एकदम चार्जिंगला लावायचा बोर्ड होता. पण खुर्ची नव्हती. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन मी तिथं नोकरी मागायला गेले, तेव्हा इकडंतिकडं बघून मालकांनाच विचारलं, "बसू कुठं?"

"कायले बसते?" ते म्हणाले. "उभ्या मानसाले काम दिसते, बसल्या मानसाले चहा दिसते."

मुलाखत तेवढीच झाली. चौथ्या दिवशी मी आमच्या गावाहून, म्हणजे नागभीडजवळून, प्लास्टिकचं एक स्टूल शेअर जीपच्या टपावर बांधून आणलं. कुणी ऑफिसात बकरी आणून बांधावी, तसं मालकांनी त्या स्टुलाकडं पाहिलं. पुढची अकरा वर्षं मी त्या स्टुलावर बसून त्यांची पत्रं, ट्रक आणि माणसं सांभाळली, आणि ते माझ्यासमोर उभं राहून मला कामं सांगत राहिले. बाहेरगावचा नवा माणूस आला की नमस्कार मलाच करायचा.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. उंच, काटक, साठीला टेकलेले. शर्टाच्या खिशात तीन फोन, त्यामुळं शर्ट कायम पुढून लोंबलेला. माझ्यावर खूश असले की मी 'पोरी', रागावले की 'म्याडम'. सकाळी सहाला ते मिलचं फाटक स्वतः उघडायचे. धान उतरवताना तिथं, पट्टा सुटला तर तिथं, कोंड्याचा ट्रक भरताना तिथं. जेवायचेही वजनकाट्याजवळ उभ्या उभ्या, डबा भिंतीवर ठेवून. एका हातात घास आणि दुसऱ्या हातात फोन. एकदा घाईत त्यांनी पोळीचा तुकडा कानाला लावून "हॅलो" म्हटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गंमत अशी की मशीनच्या आरामाबद्दल भाऊ फार कडक होते. दर सोमवारी मिल बंद. पट्टे ढिले करायचे, बेअरिंगला ग्रीस द्यायचं, मोटारी थंड होऊ द्यायच्या. एखाद्या ऑपरेटरनं "भाऊ, आज चालवून टाकू, माल खूप हाय," असं म्हटलं तर भाऊ भडकायचे. "मशीनले जीव नाई म्हनून काय झालं? दम खाऊ द्या न तिले." आणि मशीन दम खात असताना हे शिडी लावून छतावर पत्रे तपासायला चढलेले.

दाढीला न्हावी मिलमध्येच यायचा. एके दिवशी अर्धी मिशी कापून झाली आणि फाटकाशी धानाचा ट्रक आला. भाऊ गळ्याला टॉवेल तसाच ठेवून ट्रकमागं गेले. तिथून गोदामात, तिथून बॉयलरजवळ, तिथून थेट तहसील कचेरीत. संध्याकाळी परत आले तेव्हा डावीकडं मिशी होती आणि उजवीकडं नव्हती. "लोकं आज माह्याकडं पाहून हासून काऊन राह्यले होते?" त्यांनी मला विचारलं. मी आरसा दिला. त्यांनी बघितलं, एक मिनिट विचार केला आणि म्हणाले, "काम तं सारेच झाले ना?"

पण त्यांच्या लेकीच्या लग्नातला प्रकार ब्रह्मपुरीत अजून सांगतात. मांडवात मंगलाष्टकं चालली होती. दोघे मामे नवरानवरीमध्ये अंतरपाट धरून उभे. भटजींचं तिसरं का चौथं मंगलाष्टक सुरू होतं आणि भाऊंचा फोन वाजला. मिलमध्ये ट्रक येऊन उभा होता आणि हमाल माल उतरवायला परवानगी मागत होते. भाऊ मांडवाच्या मधोमध मोठ्यानं ओरडले, "उतरवा ना गा! कायची वाट पाहून राह्यले? उतरवा!"

मामांनी अंतरपाट सोडून दिला.

वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, नवरीनं गोंधळून हार घातला. भटजी तोंडात श्लोक धरून तसेच उभे. उरलेली मंगलाष्टकं त्यांनी नंतर जेवणाच्या पंगतीत म्हटली. संसार मात्र उत्तम चालला आहे.

या माणसाला एका दुपारी चक्कर आली. धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरजवळ उभे होते, तसेच मागच्या मागं कोंड्याच्या ढिगात पडले. आम्ही उचललं तेव्हा केसांपासून चपलेपर्यंत पिठासारखे पांढरे. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब बघितला, आणि माझ्यासमोर सांगितलं, "भाऊ, हा पहिला इशारा आहे. दुसरा इशारा येईलच असं नाही. गोळ्या देतो, पण गोळ्यांनी अर्धंच काम होईल. रोज दुपारी झोपा. नाही तर मी तुम्हाला नागपूरला पाठवीन आणि ते तुम्हाला तिथंच ठेवतील."

भाऊ घाबरले. ते घाबरले की जास्त काम करायचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी आराम हे एक नवीन खातं उघडलं आणि मला त्याची प्रमुख नेमलं. "पोरी, रोज एक वाजता मले आठवन देजो. एक ते दीड आराम." मी रोज एक वाजता आठवण द्यायची. ते रोज म्हणायचे, "पाच मिन्टं." मग ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत चालायची.

घरी आराम करून बघितला, तर तिथली तऱ्हा निराळी. भाऊंच्या बायकोला आम्ही बाई म्हणायचो. गोलसर, हसऱ्या, दिवसभर पदर खोचून घरभर फिरणाऱ्या. भाऊ घरी आडवे झाले की कुकरची शिट्टी बंद, नळ बंद, टीव्ही बंद, मोलकरणीनं भांडी अंगणात नेऊन घासायची. आणि भाऊ पलंगावर डोळे मिटून आतूनच सूचना देणार: "मागचं दार वाजून राह्यलं... कोनाची चप्पल वाजली?... दूधवाला आला काय?" आठ दिवसांनी बाई मला फोनवर म्हणाल्या, "पोरी, हात जोडतो बाप्पा, याइले मिलमंधीच ठेव. याइचा आराम म्हंजे माह्या घरात कर्फ्यू."

खातं बुडालं. असे चार महिने गेले आणि मे महिना आला.

आरमोरीच्या पुढं एक बंद पडलेली मिल विकायला निघाली होती. भाऊंच्या मनात ती कित्येक वर्षांपासून होती. दुसरी मिल झाली की आपण खरे मोठे, असं काहीतरी त्यांनी स्वतःशी ठरवून ठेवलेलं. मिलचे मालक हैदराबादला राहायचे. ते एका दिवसापुरते येणार होते आणि एक वाजता भेटायचं ठरलं होतं. गाडीत पुढं आमचे ड्रायव्हर चाचा, त्यांच्या शेजारी कागदांची फाइल घेऊन मी, मागं भाऊ. गाडी ही एकच जागा, जिथं भाऊ बसायचे, कारण गाडीत उभं राहता येत नाही. पण बसल्यावर तिन्ही फोन चालू.

मोठ्या रस्त्यावर ट्रक उलटून वाट अडली होती म्हणून चाचांनी जंगलातला आडरस्ता धरला. थोड्या वेळात एकेक करून तिन्ही फोनची रेंज गेली. भाऊ फोन काचेला लावून बघायला लागले. तेवढ्यात चाचांनी गाडी हळू केली आणि थांबवली.

पुढं नाल्यावर रपटा होता. रपटा म्हणजे पावसाळ्यात ज्याच्यावरून पाणी जातं असा बुटका पूल. उन्हाळ्यातही त्याच्यावर वितभर पाणी होतं, वर अर्जुनाच्या झाडांची गर्द सावली होती, आणि त्या पाण्यात, रस्त्याच्या बरोबर मधोमध, एक वाघीण आडवी पसरली होती.

अलीकडं वनरक्षकाची जीप उभी होती. त्यानं ती मागं घेत घेत आमच्या खिडकीशी आणली. तरुण, शांत माणूस. "इंजिन बंद करा. काच वर ठेवा," हळूच म्हणाला.

"हॉर्न मारू काय?" भाऊ म्हणाले.

"हॉर्न मारसान तं केस होईन तुमच्यावर."

"मंग कवा उठन?"

"तिची मर्जी."

दुसऱ्याच्या मर्जीवर थांबायची भाऊंना सवय नव्हती. चाचा म्हणाले, "भाऊ, वापस फिरू. वळसा घालून जाऊ, थोडा टाइम लागन, पन पोचू." भाऊ म्हणाले, "नाई. पाच मिन्टात उठन." पाच मिनिटं झाली. वाघिणीनं शेपटी एकदा उचलून पाण्यात आपटली, बस्स. भाऊ पुन्हा म्हणाले, "आता उठतेच." असं त्यांनी पाच वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी वाघीण जास्तच सैल पडत गेली. शेवटी उताणी झाली आणि चारी पाय वर केले.

भाऊ तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी काच दोन बोटं खाली करून वनरक्षकाला विचारलं, "दिवसभर अशीच राह्यते?"

"उन्हाळ्यात बहुतेक."

"मंग पोट कसं भरते?"

"उठली का एकच काम करते, भाऊ," भाऊंच्या लोंबलेल्या खिशाकडं बघत तो म्हणाला. "तीन फोन नाई वागवत."

चाचांनी हसू दाबायला खोकला काढला. मला वाटलं, आता भाऊ त्या पोराला चार शब्द ऐकवणार. पण खिशातून एकेक फोन काढून त्यांनी सीटवर ठेवला. मान मागं टेकली. पानं सळसळत होती, खाली पाण्याचा बारीक आवाज येत होता. पाचव्या मिनिटाला आमच्या मागून घोरण्याचा आवाज आला.

मी वळून बघितलं. अकरा वर्षांत मी हा चेहरा थांबलेला पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं, भुवया सुटलेल्या. एखाद्या दमलेल्या लहान पोरासारखे दिसत होते.

सव्वा बाराला वाघीण उठली. अंग झाडलं, आमच्याकडं एक नजर टाकली, आणि कसलीही घाई न करता बांबूंत शिरली. वनरक्षकानं थोडं थांबून आम्हाला हात दाखवला: जा. चाचांनी किल्लीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "मॅडम?"

एकला पोचता आलं असतं. मांडीवर त्या मिलची फाइल होती. मागं भाऊ होते. त्यांना आराम करायला लावणं हे मला नेमून दिलेलं काम होतं आणि चार महिन्यांत मला ते एकदाही जमलं नव्हतं. डॉक्टरांचं 'दुसरा इशारा येईलच असं नाही' कानात होतं. आणि माझ्या घरी पगार माझा एकटीचा येत होता, हेही डोक्यात होतं.

"चाचा," मी म्हटलं, "पाच मिनिटं."

"पाच मिनट मतलब?"

"भाऊंचीच पाच मिनिटं."

चाचांनी किल्लीवरचा हात काढला. गाडी हळूच ढकलून आम्ही सावलीत कडेला घेतली. वनरक्षक आमच्यामागं थांबून राहिला. मधेच येऊन काचेतून बघून गेला आणि मला खुणेनं विचारलं, ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे. तेंदूपत्त्याचा एक ट्रॅक्टर आला. त्याच्या ड्रायव्हरला चाचांनी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. तो बिचारा वाघ जवळ आहे असं समजून श्वास रोखून गेला.

भाऊ उठले तेव्हा तीन वाजले होते.

"वाघीन कुठी?"

"गेली, भाऊ."

"कवा?"

"सव्वा बाराला."

त्यांनी घड्याळ बघितलं. कानाशी नेऊन ते चालू आहे का तेही बघितलं. "अन् तुमी दोघं काय करून राह्यले होते?"

"बैठे थे, भाऊ," चाचा म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा हैदराबादचे मालक निघून गेले होते. दोन वाजेपर्यंत वाट बघून त्यांनी वडशाच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं पक्कं केलं होतं. परत आल्यावर भाऊ मिलच्या फाटकाशी उतरताना म्हणाले, "म्याडम, उद्यापासून येऊ नोका." चाचांना काही म्हणाले नाहीत. गाडी चालवायला माणूस लागतो.

मी तीन दिवस घरी होते. आईला सांगितलं, सुट्टी आहे. आईनं विश्वास ठेवला नाही, पण विचारलंही नाही. वर जेवायला दोनदा वाढलं, म्हणजे तिला कळलंच होतं. मी मनातल्या मनात भाऊंशी भांडत होते आणि प्रत्येक वेळी हरत होते. चौथ्या दिवशी दुपारी आमच्या दारात शेअर जीप थांबली आणि तिच्यातून बाई उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी.

"भाऊंनी पाठवलं?" मी विचारलं.

"त्याइले मालूम नाई. मी देवळात गेली असं समजून राह्यले." बाई ओट्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या. "उद्या येजो बाप्पा कामावर."

"रागावलेत ना?"

"रागावले? अगं, चार दिवस झाले, येनाऱ्या-जानाऱ्याले बसवून सांगून राह्यले. दुपारी झोपलं का कसं मस्त वाटते, डोस्कं कसं हलकं होते, पाय कसे दुखत नाई. जशी काई झोप याइनंच शोधून काढली. अन् काल जेवाले बसले. मांडी घालून. मी ताट घेऊन भिंतीकडंच चालली होती."

"मग मला बोलावत का नाहीत?"

"माफी मांगाची सवय नाई ना त्याइले. त्याइले शिकवाले मी म्हातारी झाली." बाई हसल्या. "तू उद्या ये, अन् काई झालंच नाई असं बस."

दुसऱ्या दिवशी गेले. माझ्या स्टुलाशेजारी एक नवी खुर्ची होती. भाऊ तिच्यावर बसले नव्हते, तिची पाठ धरून उभे होते. पण सुरुवात म्हणून वाईट नव्हतं. "पोरी, त्या बॉयलरवाल्याले फोन लाव," म्हणाले. पोरी म्हणाले, म्हणजे मिटलं.

ती दुसरी मिल गेली ती गेलीच. वडशाचा व्यापारी ती उत्तम चालवतो. त्या बाजूला गेलं की भाऊ गाडी थांबवून तिच्याकडं जरा वेळ बघतात. त्यांना लागलं नाही असं मी म्हणणार नाही. पण कुणी विषय काढला की म्हणतात, "लोकं झोपीसाठी गादी घेते. म्या मिल देल्ली."

पण भाऊ कुठलीही गोष्ट स्वतःपुरती ठेवणारे नव्हेत. महिन्याभरात हुकूम निघाला: रोज दुपारी एकला भोंगा, मिल तासभर बंद, सगळ्यांनी आराम करायचा. पहिल्या दिवशी भोंगा वाजला आणि मशीन थांबली, तेव्हा हमाल घाबरून ऑफिसात आले. मिल विकली काय? मी समजावून परत पाठवलं. ते धानाच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, आडवे झाले. आणि मग भाऊ तपासणीला निघाले. प्रत्येकाजवळ जाऊन, वाकून, खांदा हलवून विचारायचे, "झोपला काय गा?" तो दचकून उठायचा, "हो भाऊ." "मंग झोप." पुढचा.

तीन-चार दिवस हे चाललं. मिलमध्ये सूप घेऊन तांदूळ पाखडणारी एक म्हातारी होती, भाऊंच्या वडिलांच्या काळापासूनची. भाऊंना 'अरे' म्हणणारी ती तिथं एकटीच. तिच्यापाशी भाऊ आले, वाकले, आणि ती डोळे न उघडताच म्हणाली, "माह्या लेका, तू फिरत राह्यशीन तं येथी कोन झोपन? मालक उभा असला का डोळा लागते काय कोनाचा? पड तिथी."

सगळी मिल ऐकत होती. भाऊ मग तिच्यापासून चार हातांवर, कट्ट्यांच्या थप्पीवर, चपला काढून आडवे झाले. छताकडं बघत. एका मिनिटानं त्यांनी हाक मारली, "पोरी, फोन तुह्याजवळ ठेव." मी तिन्ही फोन आणले आणि टेबलाच्या खणात टाकले. त्या दुपारी मिलमध्ये खरी शांतता झाली, आणि खणात फोन आळीपाळीनं थरथरत राहिले. डॉक्टर पुढच्या तपासणीला म्हणाले, "कोणती नवीन गोळी सुरू केली?"

आता मिल त्यांची लेक बघते, तीच अंतरपाटवाली. भाऊ सकाळी येतात आणि दुपारी घरी जातात. मागच्या महिन्यात एका कागदावर त्यांची सही हवी होती, तातडीची. फोन लागेना म्हणून मी दुपारी दोनच्या सुमारास घरी गेले. भाऊ बाहेरच्या पायरीवर बसले होते. मांडीवर परात, तिच्यात निवडायला घेतलेली लाखोरीची डाळ. मी फाटकाला हात लावला तर त्यांनी घाईघाईनं हात हलवून सांगितलं, वाजवू नको. भाजीवाला हाक मारत येत होता. त्याला त्यांनी उठून कोपऱ्यावरूनच परत पाठवलं.

"काय झालं?" मी घाबरून हळूच विचारलं.

"बाई झोपली हाय."

दार अर्धं उघडं होतं. आत पंख्याखाली चटईवर बाई कुशीवर झोपल्या होत्या. पदर खोचलेला नव्हता. केस सुटलेले.

"चाळीस वर्सं झाले," भाऊ कुजबुजले. "माह्या पयले उठली अन् माह्या मंग झोपली. म्या कधी इले झोपलेली पाह्यलीच नाई. परवा दुपारी पयल्यांदा पाह्यली, तं मले वाटलं काई झालंच इले. हालवून उठवली अन् मंग शिव्या खाल्ल्या." ते आत बघत होते. "आता रोज मी येथी बसतो."

मी कागद पुढं केला. त्यांनी परात बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले, कागद पायरीवर ठेवून पेन उघडलं. तेवढ्यात आत बाईंनी कूस बदलली. भाऊंचा हात कागदावर तसाच थांबला. मीही थांबले. बाईंचा श्वास पुन्हा एकसारखा चालू झाल्याचं आम्हा दोघांना ऐकू आलं, तेव्हा कुठं त्यांनी सही केली.